कायदा झाला, पुढे काय? – आपल्या आमदाराच्या कामावर लक्ष कसे ठेवाल?

'राज्यात कायदे कोण करते?' असा प्रश्न आला की आपण झटकन 'विधिमंडळ' लिहितो आणि एक गुण खिशात टाकतो. पण कायदा मंजूर झाल्यावर पुढे काय होते, हे कोण बघतं?

एक उदाहरण घेऊ. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले, तर त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार बंद. लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा द्यायलाही कोणी येत नाही. हे थांबवण्यासाठी मुंबई प्रांतात १९४९ साली कायदा झाला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे असा स्वतंत्र कायदा राज्यात नव्हता. अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संघटनांनी आणि खुद्द पीडितांनी आवाज उठवला, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळून तो कायदा लागू व्हायला जुलै २०१७ उजाडला. बहिष्कार टाकणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

म्हणजे मंजुरीची बातमी वाचून टाळ्या वाजवल्या, की काम संपलं असं नाही. खरा पाठपुरावा तिथूनच सुरू होतो.

आमदाराच्या हातात काय असते?

१) तारांकित प्रश्न : मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते. त्यावर उपप्रश्नही विचारता येतात.
२) लक्षवेधी सूचना : तातडीच्या सार्वजनिक प्रश्नाकडे सरकारचे लक्ष वेधता येते.
३) अशासकीय विधेयक : मंत्री नसलेला सदस्यही विधेयक मांडू शकतो.

मात्र नुसते आकडे मोजू नका. मंत्री झालेले आमदार प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात; म्हणून त्यांचे शून्य म्हणजे आळस नव्हे. उलट, शंभर प्रश्न विचारणाऱ्याने वंचितांच्या हक्कांवर एकही विचारला नसेल, तर ते नोंदवायला हवे.

आपण काय करू शकतो?

अधिवेशनाआधी आमदारांना पत्र लिहा. 'समाजासाठी काहीतरी करा' असं मोघम नको. नेमके विचारा : 'आपल्या जिल्ह्यात या कायद्याखाली किती गुन्हे नोंदले? किती प्रकरणांत दोषारोपपत्र दाखल झाले? हा प्रश्न आपण सभागृहात मांडाल का?' पत्राची पोच घ्या. अधिवेशन संपल्यावर पुन्हा विचारा. गुन्ह्यांचा आकडा हवा असेल, तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

कृती : आपल्या मतदारसंघाच्या आमदारांचे नाव वहीत लिहा. त्याखाली तीन रकाने आखा – काय विचारले, काय उत्तर आले, पुढे काय झाले. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर पुढचे पत्र त्याचेच!

मत पाच वर्षांतून एकदा देता येतं, पण प्रश्न मात्र रोज विचारता येतो.