वाचून शिकणारे यंत्र आणि आपला चांदा

संगणकाला एकेक माहिती हाताने पुरविण्याऐवजी त्याने स्वतः इंटरनेटवरील मजकूर वाचून ज्ञान मिळवावे व हे वाचन अखंड चालावे, या हेतूने अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात प्रा. टॉम मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ ही प्रणाली सुरू केली. शहर, नदी, वनस्पती असे शेकडो वर्ग आणि प्रत्येकाची मोजकी उदाहरणे, एवढीच तिची शिदोरी होती. समजा, चंद्रपूर हे शहर आहे असे तिला सांगितले. तर ‘चंद्रपूरचे महापौर’ ही शब्दरचना ती हेरणार, आणि त्याच रचनेत दुसरे नाव आढळताच तेही शहर असावे, असा कयास बांधणार. पुरावा वाढला की कयासाचा ‘विश्वास’ होई.

मात्र चुकीचा विश्वासही असाच वाढतो. इंग्रजीत ‘कुकी’ म्हणजे भट्टीत भाजलेला गोड पदार्थ. संगणकातील एका लहानशा फाईललाही तेच नाव आहे. नेलने दोहोंची गल्लत केली आणि संगणकाच्या फायलीही भट्टीतील पदार्थांत जमा केल्या! अशा चुका अखेर माणसांनाच दुरुस्त कराव्या लागल्या.

आपल्या मुलखात तर अशा यंत्राची कसोटीच लागेल. ब्रिटिशकालीन गॅझेटिअर वाचून ते अहेरी चांदा जिल्ह्यात असल्याचे मानील. चांद्याचे पुढे चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. तरीही रेल्वे स्थानक ‘चांदा फोर्ट’च आहे आणि सिरो-मलबार धर्मप्रांतही चांदा याच नावाने ओळखला जातो. इंग्रजी लिपीत तर चांदा आणि मुलीचे नाव चंदा एकसारखेच दिसतात. सत्याला तारीख असते, हे यंत्राला वेगळे शिकवावे लागते.

याहून गंभीर प्रश्न न लिहिलेल्या ज्ञानाचा आहे. कोणता कंद कसा शिजवला म्हणजे बाधत नाही, हे माडिया आजीला ठाऊक असते. पण ते तिच्या बोलीत, तिच्या तोंडी. आजची प्रचंड भाषा-प्रारूपेही मुख्यतः लिखित मजकुरावरच पोसलेली असल्यामुळे त्यांना ही आजी भेटतच नाही. केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे साधन आणले. त्यात आरंभीच गोंडीचा समावेश झाला, ही समाधानाची बाब होय. परंतु ती गोंडी छत्तीसगडची आहे. भामरागडच्या माडियात यंत्र चुकले, तर ती चूक दाखविणारा माणूस भामरागडचाच असावा लागेल.