मोठे अक्षर मानाचे नव्हे, नावाचे

मराठी माध्यमात शिकलेल्याला इंग्रजी लिहिताना स्पेलिंगइतकेच कॅपिटल अक्षर छळते. देवनागरीत अक्षरांना लहान-मोठे असे रूपच नाही. मग जो शब्द महत्त्वाचा वाटतो त्याला मोठे अक्षर देण्याचा मोह होतो, आणि गडचिरोलीहून वनहक्काचा अर्ज इंग्रजीत लिहायचा तर जंगल, बांबू, वाघ, सरपंच सगळेच महत्त्वाचे! पण वाक्याची सुरुवात आणि 'मी' या अर्थाचा 'आय' सोडला, तर इंग्रजीत मोठे अक्षर साधारणपणे नावाला मिळते, महत्त्वाला नाही.

'ताडोबा-अंधारी टायगर रिझर्व्ह' हे १९९५ मध्ये जाहीर झालेल्या एका विशिष्ट प्रकल्पाचे नाव, म्हणून चारही शब्द मोठ्या अक्षराने. तिथला वाघ मात्र लहान 'टी'चाच. वैनगंगेच्या नावाला जोडून येणाऱ्या 'रिव्हर'चा 'आर' मोठा. पुढे नुसती 'नदी' म्हटले की लहान. आलापल्लीच्या सागाचे शास्त्रीय नाव 'टेक्टोना ग्रँडिस'. त्यातही प्रजातीचे पहिले अक्षर मोठे, जातीचे लहान. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या इंग्रजी मजकुरात ग्रामसभा मोठ्या 'जी' आणि 'एस'ने येते, कारण तिथे ती अधिकार असलेली संस्था आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो याच कायद्याखाली. त्याच मजकुरात 'फॉरेस्ट लँड' मात्र लहान अक्षरांत आहे. ज्या जमिनीसाठी कायदा झाला, तिलाही महत्त्वाच्या जोरावर कॅपिटल मिळाले नाही.

कोणी म्हणेल, 'आदिवासी' हा शब्द मोठ्या 'ए'ने लिहावा हा आग्रह मानाचाच नाही का? अमेरिकेत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२० मध्ये कृष्णवर्णीयांसाठीचा 'ब्लॅक' मोठ्या 'बी'ने लिहायला सुरुवात केली, तीही याच भावनेतून. मान त्यात आहेच. पण तो मिळाला शब्दाला समाजाचे नाव मानल्यामुळे. गोंड आणि माडिया हे शब्द त्याच न्यायाने पूर्वीपासून कॅपिटलने लिहिले जातात. दुसरा आक्षेप असा, की पदांच्या बाबतीत इंग्रजी वृत्तपत्रांतच एकमत नाही. हे खरे. तरी बहुतेक ठिकाणी नावाआधी आलेला 'सरपंच' मोठा आणि एकटा आलेला लहान, ही रीत चालते. अडले की शब्दाला 'कोणता?' असे विचारावे. उत्तर शब्दातच असेल तर कॅपिटल द्यावे, नसेल तर लहान अक्षराने कमीपणा येत नाही. आणि जे ठरवाल ते अर्जभर एकसारखे पाळावे.