ऑनलाइन दुकान आणि ग्राहकाचा विश्वास

भिवंडी येथील धामणकर नाक्यावर घटकाभर उभें राहिलें, तर व्यापाराचीं दोन युगें एकाच रस्त्यानें जातांना दिसतात. यंत्रमागाच्या कापडाच्या गांठी वाहणारे टेंपो हें या शहराचें जुनें चित्र. आणि माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गांवांच्या हद्दींतील गोदामांतून ऑनलाइन दुकानांचा माल मुंबईच्या घरोघर पोंचविणाऱ्या गाड्या हें नवें. मग याच वाटेनें आपला तांदूळ ग्राहकाच्या दारीं कां जाऊं नये, असा प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. परंतु त्याचें उत्तर गाडीवर किंवा गोदामावर अवलंबून नसून ग्राहकाच्या विश्वासावर अवलंबून आहे.

बाजारांत गिऱ्हाईक मूठभर तांदूळ तळहातावर घेतें, वास पाहतें, दाणा दातांखालीं फोडतें आणि विक्रेत्याचा चेहरा लक्षांत ठेवतें. ऑनलाइन दुकानांत यांपैकीं एकहि साधन त्याच्यापाशीं नसतें. शिवाय बहुधा पैसे आधीं जातात व माल मागाहून येतो. म्हणून संकेतस्थळाचें पान हेंच तेथें दुकान, हाच नमुना आणि हाच दुकानदाराचा चेहरा होय. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका पाहणींत २००२ सालीं २,६८४ लोकांना संकेतस्थळांची विश्वासार्हता पारखावयास सांगितलें होतें. त्यांच्या अभिप्रायांपैकीं ४६.१ टक्क्यांत पानाच्या दर्शनी मांडणीचा उल्लेख आला. अंगण अस्वच्छ दिसलें, कीं पाहुणा घरांतील स्वयंपाकाविषयींहि साशंक होतो, तसाच हा प्रकार आहे.

आपल्या भागांत या प्रश्नाचें महत्त्व अधिक आहे. भिवंडीहून अंबाडी-कुडूसमार्गें ज्या वाड्यास रस्ता जातो, तेथील कोलम तांदळास २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मात्र हें नांव भलत्याच तांदळाच्या पोत्यावर घालणारे लोक बाजारांत आहेत. खऱ्या उत्पादकाचें पान आणि तोतयाचें पान सारखेंच दिसूं लागलें, तर ग्राहक स्वस्त माल उचलील, आणि श्रम मात्र आपल्या पदरीं राहतील.

यास्तव ऑनलाइन दुकान मांडणाऱ्या मंडळीनें पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावें, अशी आमची सूचना आहे.

पहिली गोष्ट नांवगांवाची. संस्थेचें पूर्ण नांव, पत्ता, दूरध्वनी आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव पानावर सहज दिसावें. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनीं हें बंधनकारकच केलें आहे. तक्रारीची पोंच ४८ तासांत व निकाल एका महिन्यांत द्यावयाचा आहे. अन्नपदार्थांचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक आणि मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्याची नोंद हींहि तेथेंच द्यावींत.

दुसरी, मालाचें वर्णन. उसनें चित्र न लावतां आपल्याच शेताचें, आपल्याच दाण्याचें स्वच्छ छायाचित्र लावावें. तांदूळ कोणत्या हंगामाचा, जुना कीं नवा, तुकडा किती, हें साध्या मराठींत सांगावें. निव्वळ वजन व कमाल किरकोळ किंमत दाखविणें १ जानेवारी २०१८ पासून पिशवीबंद मालास आवश्यक आहे.

तिसरी, किंमत. वाहतुकीचा खर्च शेवटच्या पायरीवर उघड करणें म्हणजे काट्यावर हात ठेवण्यासारखेंच होय. "दोनच पिशव्या उरल्या" अशी खोटी घाई, किंवा न मागितलेली वस्तु टोपलींत घालणें, अशा १३ फसव्या युक्त्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद करून त्यांस मनाई केली आहे.

चौथी, परतीचा नियम. पिशवी फुटली, कीड निघाली, तर पैसे कसे व किती दिवसांत परत मिळतील, हें खरेदीपूर्वींच वाचावयास मिळालें पाहिजे. पत्त्यापुढील कुलुपाची खूण केवळ मधला मार्ग सुरक्षित असल्याचें सांगते. दुकानदार प्रामाणिक आहे असें ती सांगत नाहीं.

याबाबत देवगडच्या आंबा उत्पादकांचें उदाहरण अनुकरणीय आहे. तेथील तालुका सहकारी संस्थेनें २०२५ च्या हंगामांत प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाची मोहोर लावण्याचा उपक्रम घेतला, ज्यायोगें ग्राहकास मोबाइलवरून फळाची खातरजमा करतां येते. आमच्या तांदळाच्या पिशवीवरहि अशी खूण घालून ती संकेतस्थळाशीं जोडणें अशक्य नाहीं.

एकेकट्या शेतकऱ्यास हा व्याप झेपणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु गांवच्या उत्पादक कंपनीनें किंवा सहकारी संस्थेनें एकच नीटनेटकें दुकान मांडून, पाठविलेली प्रत्येक पिशवी पानावरील वर्णनाबरहुकूम आहे कीं नाहीं हें स्वतः तपासल्यास कार्य साध्य आहे. पान पाहून ग्राहक एकदां येतो. पिशवी उघडल्यावर तो पुन्हां येतो. हीं दोन्ही एकमेकांशीं जुळलीं, तर वाड्याचें नांव वाड्याच्याच शेतकऱ्याच्या पदरीं राहील, असा आमचा भरंवसा आहे.