मसाई माराला बाय रोड!
नैरोबीहून मसाई मारा विमानानं पाऊण-एक तासावर. पण बजेट टाइट असेल, तर पाच-सहा जणांनी मिळून व्हॅन ठरवा. पहाटेच निघा. रिफ्ट व्हॅलीचा घाट उतरलात की माई माहिऊ, पुढे नारोक. पाणी, खाणं, पेट्रोल इथंच उरकून घ्या. साधारण पाच-सहा तासांत सेकेनानी गेट येतं.

पण थांबा, लगेच आत शिरू नका! जुलै ते डिसेंबर परदेशी पर्यटकाला दिवसाचे तब्बल २०० डॉलर पडतात (जानेवारी ते जून निम्मे), आणि तिकीट चालतं सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. दुपारी शिरलात तर अर्धे पैसे पाण्यात. त्यापेक्षा गेटबाहेरच्या साध्या तंबूत मुक्काम ठोका आणि सकाळी सहाच्या ठोक्याला आत! ऊन चढलं की सिंहही सावलीत झोपतात.