लहान मुले आणि घरचे रंग

सन 2024 मध्ये रंगपंचमी 30 मार्च रोजी, शनिवारी आली आणि दुसऱ्याच दिवशी ईस्टरचा रविवार होता. ह्यात नवल नाही. फाल्गुनी पौर्णिमेनंतरची पंचमी ती रंगपंचमी. आणि 21 मार्चच्या सुमारास वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपाठोपाठचा रविवार तो ईस्टर. पौर्णिमा एकच असली म्हणजे दोन्ही सण शेजारी येतात. वाळूजला कारखान्यांच्या निमित्ताने नाना प्रांतांची कुटुंबे एकाच इमारतीत नांदतात. तेथे अशा वर्षी एका घरी पळसाची फुले भिजत पडलेली आणि शेजारच्या घरी उकडलेली अंडी कांद्याच्या टरफलांच्या पाण्यात बुडवलेली, असा योग सहज संभवतो. परातीजवळ चार-पाच वर्षांचे मूल बसलेले असेल, तर दोन्ही घरांतील वडीलमंडळींची अवस्थाही एकच असते.

पळसाचा रंग सावकाश उतरतो. फुले रात्रभर भिजत घालावी किंवा बराच वेळ उकळावी, तेव्हा पाणी पिवळे-केशरी होते. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ते अधिक गडद दिसते. मुलाला इतका धीर कोठला? ते लगेच पांढरा रुमाल बुडविते. ओला असताना रुमाल सुरेख दिसतो, परंतु एका धुण्यात रंग बहुतेक निघून जातो. बोटे मात्र पिवळीच राहतात! ह्याचे कारण असे की, लोकर, रेशीम आणि आपली त्वचा ही प्रथिनांची बनलेली असून अनेक वनस्पतिरंगांना ती चटकन धरून ठेवितात. सुताचा धागा निराळ्या द्रव्याचा असतो. त्याला असे रंग टिकाऊपणे लावावयाचे तर मध्ये तुरटीची मध्यस्थी लागते; म्हणजे कापड आधी तुरटीच्या पाण्यात मुरवावे लागते. हे काम मुलाचे नव्हे, आदल्या रात्री मोठ्यांनी उरकण्याचे आहे.

अंड्याची गोष्ट थोडी वेगळी. त्याचे कवच मुख्यत्वे खडूच्याच द्रव्याचे असते. म्हणून रंगाच्या पाण्यात व्हिनेगर घातले की कवचावर बारीक बुडबुडे उठतात. बाजारचे खाण्याचे रंग अशा आंबट पाण्यात कवचाच्या पृष्ठभागावर चांगले बसतात. कांद्याच्या टरफलांचा काढा तांबूस छटा देतो. पण मूल दर अर्ध्या मिनिटाला अंडे उचलून पाहते, बोटे लागतील तेथे डाग पडतात, आणि एखादे तरी निसटून तडकते. तडकलेल्यात रंग आत शिरतो. रंग खाण्याचा असेल तर त्याने बिघडत नाही; बिघडते ते उन्हाने. उकडलेले अंडे दोन तासांहून अधिक बाहेर राहिल्यास खाऊ नये, आणि कडक उन्हाळ्यात तर एक तासच पुरे समजावा. दिवसभर खेळविण्याची अंडी निराळी ठेवावी.

मुलांच्या स्वभावाला खरी मानवते ती हळद. तिचा पालट डोळ्यांदेखत होतो. हळदीच्या पाण्यात साबणाचा फेस पडला की ते लालसर होते आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. हळदीवर टाकणखार व लिंबाच्या रसाची प्रक्रिया करून कुंकू करण्याची रीत जुनी आहे. शिवाय सुती कापडाला ती तुरटीवाचूनही लागते. तेव्हा अंगात जुनेच कपडे असावे. साबण लावताच डाग लाल झाला म्हणून घाबरू नये. धुऊन उन्हात वाळविला की तो फिका पडत जातो, कारण हळदीतील रंगद्रव्य उजेडात टिकत नाही.

चुन्याने हा लाल रंग अधिक उठावदार होतो, तथापि चुना मुलांच्या हाती कदापि देऊ नये. डोळ्यात गेल्यास तो डोळा भाजतो; तसे घडलेच, तर निदान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरून लागलीच डॉक्टरांकडे न्यावे. मार्चमध्ये पाणी जपून वापरावे लागत असले तरी ह्यासाठी एक स्वच्छ बादली आधीच भरून बाजूला ठेवावी. रंग कालविण्यास सांडपाणी चालते असे मात्र कोणी समजू नये. मुलांचे हात घटकेघटकेला तोंडात जातात.

खोली निवडताना नुकतीच चुन्याने रंगविलेली भिंत टाळावी. हळदीचा हात तिला टेकला, तर पिवळा पंजा पाहता पाहता लाल होतो, आणि एकदा हे गुपित कळले की मूल परातीकडे ढुंकूनही पाहत नाही. दुसरी भिंत कोठे आहे, एवढेच विचारते.