उपासनागीतांची कहाणी (भाग ६) : ब्रिक्सहॅमच्या पाळकाची विनवणी

शार्लट एलियट यांचं गीत आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. आजचं गीत चर्चची पायरी न चढलेल्यांनीही ऐकलेलं आहे. २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात होणाऱ्या 'बीटिंग रिट्रीट' सोहळ्यात सैन्यदलांचे बँड वर्षानुवर्षं 'अबाइड विथ मी' वाजवत. गांधीजींना ते फार प्रिय होतं. २०२२ मध्ये ते कार्यक्रमातून वगळलं गेलं. ते लिहिणाऱ्या हेन्री फ्रान्सिस लाइट यांची ओळख मात्र आपल्याकडे फार थोड्यांना आहे.

लाइट यांचा जन्म १७९३ सालचा, स्कॉटलंडमधल्या एडनमचा. वडील सैन्यात होते; त्यांनी कुटुंबाकडे पाठ फिरवली. आयर्लंडमधल्या पोर्टोरा शाळेचे मुख्याध्यापक रॉबर्ट बरोज यांनी या मुलाची फी भरली, सुट्टीत त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याने कवितेची बक्षिसं मिळवली आणि १८१५ मध्ये धर्मसेवेची दीक्षा घेतली. १८१८ च्या सुमारास कॉर्नवॉलमध्ये असताना शेजारच्या चर्चचे पाळक मरणपंथाला लागले. दोघांनी मिळून पौलाची पत्रं वाचली. त्या मित्राला शांतपणे मरणाला सामोरं जाताना पाहून लाइट यांचा उपदेशाचा सूरच पालटला.

त्यांच्या आयुष्यातला मोठा काळ डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅम या मासेमारीच्या बंदरात गेला. कोळ्यांच्या मुलांसाठी त्यांनी रविवारची शाळा चालवली, होड्यांवर बायबल पोहोचवलं. फुप्फुसं मात्र साथ देईनात. सप्टेंबर १८४७ मध्ये, घरच्यांचा विरोध असतानाही, त्यांनी व्यासपीठावरून अखेरचा उपदेश केला. त्याच संध्याकाळी हे गीत त्यांनी घरच्यांच्या हाती दिलं, असं त्यांच्या मुलीने लिहून ठेवलं आहे. हवापालटासाठी ते इटलीच्या वाटेने निघाले आणि २० नोव्हेंबरला नीस येथे वारले. वय ५४.

गीताचं बीज लूकच्या शुभवर्तमानात आहे. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना एक वाटसरू भेटतो. दिवस मावळतीला आल्यावर ते त्याला मुक्कामाचा आग्रह करतात. तो पुनरुत्थित येशू आहे हे त्यांना ठाऊक नसतं. लाइट यांनी हा प्रसंग उलटा फिरवला. शुभवर्तमानात यजमान पाहुण्याला आसरा देऊ करतात. गीतात यजमानच निराधार आहे. सोबतीचे दूर जात आहेत, भोवतालचं सारं बदलत आहे, आणि जवळजवळ प्रत्येक कडवं 'अबाइड विथ मी', म्हणजे 'माझ्यापाशी राहा', या त्याच एका याचनेशी येऊन थांबतं. बापाने टाकलेल्या आणि मित्राच्या मृत्युशय्येपाशी बसलेल्या माणसानेच हा फेर धरावा, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

लाइट यांनी स्वतः दिलेली चाल रुजली नाही. १८६१ मध्ये विल्यम हेन्री मंक यांनी 'इव्हनटाइड' ही चाल बांधली आणि गीत घरोघर पोहोचलं. ऑक्टोबर १९१५ मध्ये ब्रुसेल्सच्या तुरुंगात, देहदंडाच्या आदल्या रात्री, ब्रिटिश परिचारिका एडिथ कॅव्हेल यांनी एका पाळकाबरोबर ते म्हटलं. १९२७ पासून इंग्लंडमध्ये एफए कपच्या अंतिम सामन्याआधी अख्खं स्टेडियम ते गातं. एकट्या माणसाची प्रार्थना हजारोंच्या तोंडी अवघडत नाही, कारण त्या हजारांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी हेच मागावं लागणार असतं.

पुढील भागात : १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन मराठी ख्रिस्ती भजनाला अभंग-ओवीचं रूप देणारे रेव्हरंड ना. वा. टिळक.