पिष्टापासून केलेले प्लास्टिक मातीत विरते?

गैरसमज: खाण्याच्या वस्तूपासून केलेले प्लास्टिक कुठेही टाका, मातीत विरून जाते.

वस्तुस्थिती: हे विधान पिशव्या विकणारे करतात, वापरणारे पुन्हा करतात आणि दोघेही चुकतात. उदाहरणार्थ, तमिळनाडूतल्या सेलम भागात साबुदाण्याच्या कारखान्यांतून टॅपिओकाचा जो चोथा निघतो, त्यात बरेच पिष्ट शिल्लक असते. विकरांनी त्या पिष्टाचे ग्लुकोज होते. ग्लुकोजवर जिवाणू वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. दह्याला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळे. इथे जिवाणूंचे काम संपते. पुढे रासायनिक प्रक्रियेने आम्लाचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या केल्या जातात. हेच पॉलीलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए. बुरशी ज्यावर तुटून पडते, ते पिष्ट यात औषधालाही उरलेले नसते.

या साखळ्या आधी पाण्याने तुटाव्या लागतात, मगच सूक्ष्मजीव त्यांचे तुकडे खाऊ शकतात. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. त्याहून बऱ्याच कमी तापमानात साखळ्या तुटण्याचा वेग अगदी मंद असतो. म्हणूनच कंपोस्टेबल प्लास्टिकची मानक चाचणी सुमारे ५८ अंशांना घेतात आणि १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा अशी अट असते. परसातल्या खड्ड्यात इतकी ऊब सहसा टिकत नाही.

प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ‘कंपोस्टेबल’ पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली; मातीत मात्र २७ महिन्यांनंतरही शाबूत होती, फक्त वजन पेलेना. ‘बायोडिग्रेडेबल’ छापलेल्या पिशवीतून तर तीन वर्षांनीही सामान नेता आले.

वस्तू कशापासून केली यावर तिचे कुजणे ठरत नाही. ते रेणूच्या रचनेवर ठरते. ब्राझीलमध्ये उसाच्या अल्कोहोलपासून केलेले पॉलिथिन साध्या पॉलिथिनइतकेच चिवट असते. उलट पीबीएटी हे प्लास्टिक मुख्यतः खनिज तेलापासून होते, तरी कंपोस्टमध्ये कुजते.

आणखी काही समज:

‘जिवाणू प्लास्टिक बनवतच नाहीत.’ काही बनवतात. पीएचबी नावाचे प्लास्टिक ते चरबीसारखे पेशीत साठवतात. शास्त्रज्ञ मॉरिस लेमोआन्य यांनी ते १९२६मध्ये ओळखले. ते मातीत आणि समुद्रातही पीएलएपेक्षा सहज कुजते.

‘टॅपिओकाच्या चोथ्याऐवजी उसाचे पाचटही तसेच चालेल.’ पाचटात पिष्ट नव्हे, मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन असते. त्यातून साखर काढणे बरेच अवघड.

‘पीएलएची बाटली पाण्याच्या बाटल्यांबरोबर भंगारात द्यावी.’ पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकमध्ये, म्हणजे पीईटीमध्ये, पीएलए मिसळले की पुनर्वापराचा माल बिघडतो.

‘हिरवे पान छापले की पुरे.’ भारतात कंपोस्टेबल पिशवीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते.

पीएलएची पिशवी ओल्या कचऱ्याबरोबर औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात पोचली, तरच ठरल्या मुदतीत कुजते. गावात तसा प्रकल्प नसेल, तर उकिरड्यावर तीही प्लास्टिकचीच पिशवी.